नऊ नंबरची सोबत

मायक्रोस्कोपखाली केस दिसला तेव्हा डावरीला आधी आनंद झाला, आणि पुढे सगळ्यात जास्त किळस तिला ह्याच गोष्टीची वाटली. केस कसला, दगडाच्या मोडलेल्या टोकाच्या खाचेत अडकलेला एक पांढरट, ताठ तुकडा, मुंगीच्या पायाएवढा. साठ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी धनुष्य ताणून बाण सोडला, तो जनावराच्या अंगात घुसला, हाडावर आपटून टोक मोडलं आणि एवढा एक केस मागे राहिला, असं तिच्या मनात येऊनही गेलं. आशेला लागलं की माणूस अक्कल गहाण टाकतो, दुसरं काय. केस साठ हजार वर्षं टिकत नाही, हे तिनंच नवीन येणाऱ्यांना दहादा सांगितलेलं होतं.

तिच्यापुढच्या ट्रेमध्ये असे तीस दगड होते. गुहेतल्या सगळ्यात खालच्या थरातले, असं चिठ्ठीवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं. काका म्हणजे तिचे सख्खे काका आणि ती काम करत होती त्या उत्खनन संस्थेचे प्रमुख, दोन्ही. प्रत्येक दगड अंगठ्याच्या नखाएवढा, चंद्रकोरीच्या आकाराचा. एक कड धारदार, दुसरी मुद्दाम बोथट केलेली, म्हणजे राळेत बसवून काठीला चिकटवता यावी. धनुष्याचं लाकूड कुजतं, दोरी कुजते, बाणाची काठी कुजते. राहतो तो एवढा दगड. तो नुसती सुरी होता की बाणाचं टोक, हे त्याच्या मोडीवरून ओळखायचं, हे डावरीचं काम. जोरात हाडावर आपटलेल्या टोकाचा एक लांब, पातळ ढलपा उडतो; कापाकापीच्या सुरीचा तसा उडत नाही. परवा हे दगड तपासायला बाहेरच्या परीक्षक बाई येणार होत्या. डावरीच्या सहीचा अहवाल त्यांच्या हातात पडला की सगळ्यात जुना बाण काकांच्या गुहेत सापडला असं जाहीर व्हायचं होतं. तिची सही नसेल तर हे तीस दगड म्हणजे तीस खडे.

तिनं चिमट्यानं दगड उलटा केला आणि बोथट कड भिंगाखाली आणली. मग तिचा हात थांबला.

चंद्रकोरीची कड बोथट करताना शिंगाच्या तुकड्यानं दाब देऊन एकेक बारीक कपची उडवत जायचं असतं. प्रत्येक नवी खूण आधीच्या खुणेवर थोडी चढते, माशाच्या खवल्यासारखी. उजव्या हाताचा माणूस बुडाकडून टोकाकडे जातो, म्हणून खवले एका बाजूला चढतात. ह्या दगडावरचे खवले उलटे होते. आणि शेवटची खूण बुडाशी दोनदा दाबलेली होती, कारण हा दगड बनवणाऱ्या बाईला शेवटी उगाच आणखी एकदा दाबायची खोड होती. ही खोड तिला चांगली माहीत होती. ती तिचीच होती.

डावखुरी म्हणून डावरी. हे नाव काकांनीच ठेवलेलं. ती चार वर्षांची असताना तिची आई तिचा डावा हात फडक्यानं बांधून ठेवायची, उजव्यानं जेवावं म्हणून. एके दिवशी काका आले, फडकं सोडलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, हात आहे तो, चोर नाही." वर्षभरात आईवडील दोघंही गेले आणि डावरी काकांच्या घरी आली. दगड कसा धरायचा, शिंग कसं टेकवायचं, हे काकांनीच स्वतःचे हात उलटे करून तिला शिकवलं. आणि आता तिच्या हातची चंद्रकोर साठ हजार वर्षांची म्हणून काकांच्याच ट्रेमधून तिच्यापुढे आली होती.

तिनं उरलेले एकोणतीस दगड एकामागून एक भिंगाखाली घातले. साठ हजार वर्षांपूर्वी कुणी डावखुरा नसेलच असं नाही, दहात एखादा असतोच. म्हणून तिनं पुन्हा एकदा पाहिले. उलट्या खवल्यांचे, शेवटी दोनदा दाबलेले, सतरा निघाले.

सतरा म्हटल्यावर तिच्या नाकात तो वास आला.

चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. मोड ओळखायची तर तुलनेला काहीतरी पाहिजे, म्हणून नव्या चंद्रकोरी बनवायच्या, राळ, मेण आणि गेरू शिजवून केलेल्या गोंदानं काठ्यांना चिकटवायच्या आणि धनुष्यातून मेलेल्या डुकरावर सोडायच्या, असं ठरलं. डुक्कर खाटकाकडून आणलं, संस्थेच्या मागच्या शेडमध्ये टांगलं. धनुष्य सुतारदादांनी केलं होतं, संस्थेची कपाटं-फळ्या करणारे तेच. बाण मारायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

"ताई, मेलेल्याला मारण्यात पराक्रम काय?" असं म्हणत त्यांनी पहिल्या दिवशी बारा बाण सोडले. "हा माझ्यावर उलटून यायचा पण नाही."

नियम एकच होता आणि तो डावरीनंच केलेला. नवी चंद्रकोर बनली की आधी बुडाशी पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर नंबर, वरून वॉर्निश. मगच ती काठीला लागायची. नव्याजुन्याची सरमिसळ झाली तर सगळंच मुसळ केरात. पहिले दोन दिवस तिनं नियम पाळला. तिसऱ्या दिवशी उकाडा असा की शेडच्या पत्र्याला हात लागत नव्हता. डुक्कर फुगलं होतं. पोटाची कातडी हिरवी पडून ताणली गेली होती आणि माश्या एवढ्या की सुतारदादा तोंडाला फडकं बांधून आले. डावरीनं त्या सकाळी घाईघाईनं सतरा चंद्रकोरी बनवल्या, आणि रंग वाळेपर्यंत त्या वासात कोण बसणार, नंबर नंतर टाकू, म्हणून तशाच चिकटवल्या. अकरावा बाण लागला आणि पोट फुटलं. आतून जे बाहेर आलं ते तिच्या बुटांवर आलं. ती शेडच्या दारातच ओकली. सुतारदादांनी नाक मुठीत धरून उरलेले सहा बाण मारले आणि हात जोडून निघून गेले.

तेव्हा काका शेडमध्ये आले, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "तू घरी जा, डावरे. बाकीचं मी निस्तरतो."

टोकं मांसात रुतलेली. ती काढायची म्हणजे तो भाग कापून, उकळून, हाडं वेगळी करायची. काकांनी ते सगळं एकट्यानं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तर म्हणाले, "तुझ्या त्या सतरा गेल्या गं. चुरा झाला सगळा, गाळात टाकून दिला." तिला वाईट वाटलं नाही, उलट भरून आलं. प्रमुख माणूस, साठीचा, आणि पुतणीची घाण स्वतःच्या हातानं उपसली. चौदा महिने ती हे लोकांना कौतुकानं सांगत होती. आज ते आठवून तिच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

ती चिमटा हातात घेऊनच काकांच्या खोलीत गेली. काका टेबलाशी बसून काडीनं दात कोरत होते.

"काका, ट्रेमधल्या सतरा माझ्या आहेत."

काका दचकतील, रागावतील, कुणी केलं म्हणून ओरडतील, असं तिला वाटलं होतं. मनातून तिला तसं हवंही होतं. काकांनी काडी बाहेर काढली, तिचं टोक पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातली.

"कशावरून?"

"खवले उलटे आहेत. आणि एकीत डुकराचा केस आहे."

"केस राहिला होय," काका म्हणाले. "घासल्या होत्या मी चांगल्या."

एवढंच. बूट पुसायचा राहिला असावा तसं. डावरी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"बस," काका म्हणाले. "आणि नीट ऐक. ट्रेमधला नऊ नंबरचा दगड पाहिलास ना? तो खरा आहे. तो मी स्वतः ब्रशनं उघडा केलाय, खालच्या थरात, गुडघे टेकून. मोड खरी, गोंद खरा. आहे का नाही?"

"आहे."

ते खरंच होतं. तिसांतले तेरा खरे होते, आणि त्यातला नऊ नंबर तर असा की पाहताना तिचा श्वास अडकला होता. टोकाचा लांब ढलपा उडालेला, आणि बोथट कडेला दगडाच्या रंध्रात मुरलेला काळा-तांबडा गोंद, वर साठ हजार वर्षांचा चुनखडीचा पापुद्रा बसलेला. तो पापुद्रा कुणालाही चिकटवता येत नाही.

"मग ह्या एकट्या नऊ नंबरला कोण विचारतो?" काका म्हणाले. "बाकीच्या बारांना मोड नाही. एक दगड पुढे ठेवला तर म्हणतील योगायोग आहे, कुणाच्या पायाखाली मोडला असेल. तीस वर्षं मी त्या गुहेत रांगलो, डावरे. एक बाण हाती लागला आणि तो एकटा. मी फक्त त्याला सोबत दिली."

"खोट्याची."

"खोट्या कशा? धनुष्यातूनच सुटलेल्या, हाडावरच मोडलेल्या. फक्त थोड्या उशिरा." काका स्वतःच्या विनोदावर हसले. दातात काहीतरी हिरवं अडकलेलं होतं. "आणि हे बघ, नंबर कुणी टाकले नव्हते? मी नाही. हे बाहेर आलं तर लोक आधी हेच विचारतील. आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ राहू दे. परवा सही कर, पुढच्या वर्षी प्रयोगशाळा तुझ्या हातात. मी निवृत्त होतोय."

तिला ओकारी आली. ती बेसिनशी गेली आणि काही पडलं नाही तरी दोन मिनिटं वाकून उभी राहिली. काकांचा राग यायला हवा होता, पण राग यायला माणूस थोडा तरी लांब लागतो. हा माणूस तिच्या बोटांत होता. दगड कसा धरायचा तेही त्याचंच, आणि नंबर न टाकल्याची चूक मात्र तिची स्वतःची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक तिनं ऐकले होते. ह्यांनी तर मढं उकळून त्यातून कीर्ती काढली, आणि सरपण हिनं पुरवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात काकू भांडी घासत होती. डावरीनं नेहमीसारखं फडकं घेतलं आणि भांडी पुसायला उभी राहिली. लहानपणापासून दोघींचं बोलणं ह्याच ओट्यापाशी व्हायचं.

"काकू, मागच्या वर्षी ते डुकराचं झालं होतं बघ."

"नाव काढू नकोस," काकू म्हणाली. "माझं मोठं पातेलं नेलं न विचारता. त्यात ते उकळलं. परत आणलं तेव्हा वास घरभर. मी उचललं आणि उकिरड्यावर टाकलं. एवढ्यावर भागलं नाही. ते दगड घेऊन आले घरी, डब्यात भरून. आणि ह्या सिंकमध्ये, ह्या इथे, माझ्या भांड्यांच्या ब्रशनं घासत बसले. चरबी तरंगत होती पाण्यावर. मी म्हटलं, अहो, ही घाण बाहेर करा. तर म्हणाले, बाहेर कुणी पाहील."

डावरीच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"मग तू विचारलं नाहीस, कुणी पाहिलं तर काय म्हणून?"

काकूनं नळ बंद केला. पाठमोरीच राहून म्हणाली, "सगळं विचारून संसार होत नाही, बाळा. मी ब्रश नवा आणला."

म्हणजे चौदा महिने काकूलाही ठाऊक होतं. सगळं नाही, पण विचारू नये एवढं ठाऊक होतं. आणि चौदा महिने डावरी ह्याच सिंकमध्ये धुतलेल्या ताटात जेवत होती, वाढा अजून, म्हणत होती. तिनं ताटली रॅकवर ठेवली. जेवायला बसली तेव्हा घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. समोर काका मन लावून जेवत होते. बोटं चाटून झाल्यावर ते काकूला म्हणाले, "आज झकास झालंय."

"तुझे काका वाईट नाहीत गं," काका उठून गेल्यावर काकू हळूच म्हणाली. "तूही खाल्ल्या मिठाला जाग."

डावरीनं ताट सरकवलं. तिला मिठाचीच शिसारी आली होती.

दुसरा दिवस तिनं अहवालासमोर बसून काढला. सही करायची नाही म्हटलं की नऊ नंबर डोळ्यांपुढे यायचा. सतरा खोट्या निघाल्या तर हा एक खरा आहे यावर कोण विश्वास ठेवणार? सही करायची म्हटलं की पाण्यावर तरंगणारी चरबी दिसायची. नुसत्या सतरा गुपचूप काढून टाकाव्यात, असंही मनात आलं. पण तीस दगडांची यादी परीक्षक बाईंकडे आधीच गेलेली होती, फोटोंसकट. दुपारी तिनं दोनदा पेन उचललं आणि दोनदा ठेवलं. तिची स्वतःचीही तिला किळस आली, कारण दुसऱ्यांदा पेन उचललं तेव्हा नावाचं पहिलं अक्षर कागदावर उमटलं होतं. ते तिनं खोडलं, इतकं खोडलं की कागद फाटला. मग नवा कागद लावून नऊ नंबरचं वर्णन तेवढं लिहिलं आणि बाकीचं कोरं ठेवलं.

परीक्षक बाई वेळेवर आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात स्वतःचं भिंग. काकांनी त्यांना खुर्ची दिली, ट्रे पुढे ठेवला आणि डावरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आमची डावरी. माझीच पुतणी, पण म्हणून सांगत नाही, मोड ओळखावी तर हिनंच." तो हात ओलसर होता. डावरीला वाटलं, ब्लाउजवर डाग पडला असेल.

बाईंनी अहवाल चाळला. "बरंच कोरं आहे. आणि सही?"

"करते आहे ती," काका म्हणाले आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

डावरीनं पेन घेतलं नाही. तिनं ड्रॉवर उघडून एक चकमकीचा पातळ तुकडा आणि शिंग काढलं. तुकडा उजव्या हातात धरला, शिंग डाव्या हातात घेतलं आणि टोकाकडून बुडाकडे दाब देत निघाली. खोलीत कपच्या उडण्याचा बारीक आवाज होत राहिला. काका एकदा "डावरे," म्हणाले, हळू, घरात म्हणत तसं. ती थांबली नाही. तीन मिनिटांत चंद्रकोर झाली. सवयीनं तिनं बुडाशी आणखी एकदा दाबलं, आणि ती चंद्रकोर ट्रेमधल्या एका चंद्रकोरीशेजारी मायक्रोस्कोपखाली ठेवली.

बाईंनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. एकदा इकडची, एकदा तिकडची.

"अशा किती?" त्यांनी डोळा न काढताच विचारलं.

"सतरा. मी बनवल्या, गेल्या वर्षी, प्रयोगासाठी. त्यांवर नंबर टाकायचा राहिला. चूक माझी." मग तिनं शिंग टेबलावर ठेवलं. "ट्रेमध्ये मी ठेवल्या नाहीत."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पण नऊ नंबर खरा आहे," डावरी म्हणाली. "तुम्ही बघा. वरचा पापुद्रा बघा."

बाईंनी नऊ नंबर भिंगाखाली घेतला. त्यांचा श्वास अडकल्याचं डावरीला स्पष्ट कळलं. आपलाही असाच अडकला होता. क्षणभर तिला वाटलं, झालं, वाचला हा.

बाईंनी दगड परत ट्रेमध्ये ठेवला. "मला विचाराल तर खरा आहे," त्या म्हणाल्या. "पण मला कोण विचारणार? सतरा खोटे जिथून आले तिथूनच हाही आला. खालच्या थरात सापडला असं कुणी लिहिलंय? ह्यांनीच ना?" त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "एक नासका आंबा आढी नासवतो म्हणतात. इथे सतरा आहेत, बाई." त्यांनी ट्रेला झाकण लावलं, भोवती चिकटपट्टी गुंडाळली, वर 'पुरावा म्हणून ग्राह्य नाही' असं लिहिलं आणि डावरीची सही मागितली. ही सही तिनं केली.

बाई गेल्या. काका खुर्चीत बसून होते, एकदम म्हातारे दिसत होते. तिला क्षणभर त्यांची दया आली, जुन्या सवयीनं. मग ते बोलले.

"तुझ्या आईचं बरोबर होतं," काका म्हणाले. "तो हात बांधलेलाच बरा होता."

डावरी बाहेर आली. व्हरांड्यातल्या नळावर तिनं साबण लावून हात धुतले, पुन्हा लावून पुन्हा धुतले. सुतारदादा पायरीवर बसून रंधा पुसत होते. बंद ट्रे गाडीत जाताना त्यांनी पाहिला होता.

"काय झालं ताई? आपले बाण नापास?"

"आपले सतरा नापासच व्हायचे होते, दादा. ते जुने म्हणून दाखवले होते."

सुतारदादांनी रंधा खाली ठेवला. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. "आणि तो तुमचा नऊ नंबर? कौतुकानं सांगितलात तो?"

"तोही गेला. त्यांच्यात होता म्हणून."

सुतारदादा थुंकले, नळापासून लांब. "म्हणजे त्या बिचाऱ्यानं साठ हजार वर्षांपूर्वी मारलेला बाण," ते म्हणाले, "आज चुकला."

डावरीनं नळ बंद केला. हाताला अजून वास येत होता.